दर पावसाळ्यात सेंटर लॉकचा स्विच जातो? नवा घ्यायच्या आधी दारातलं पाणी शोधा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे का ते कळेल. ड्रायव्हरच्या दारावरचं लॉकचं बटण दाबलं की कधी चारही दारं लॉक होतात, कधी काहीच होत नाही. रिमोटने मात्र सगळं नीट चालतं. चार दिवस कडक ऊन पडलं की बटण आपोआप सुधारतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कुणी हात लावलेला नसताना गाडी स्वतःच लॉक होते.

माझी गाडी २०१५ सालची, छोटी हॅचबॅक. २०२२च्या जुलैत स्विच बदलला, २०२३च्या ऑगस्टमध्ये परत बदलला आणि २०२४चा पाऊस लागला तसं तिसऱ्यांदा तेच. दोन्ही वेळा गॅरेजमध्ये दोनचारदा बटण दाबून पाहिलं आणि निकाल लागला, "स्विच गेला भाऊ, नवा टाकून देतो." टाकला की चालायचं, त्यामुळे संशय घ्यायला जागाच नव्हती. खरी गोम तिथेच होती, पण ती मला फार उशिरा कळली.

तिसऱ्या वेळी गाडीने भर बाजारात लाज काढली. नागपुरात गोकुळपेठ बाजाराजवळ गाडी बाजूला लावली, झिमझिम पाऊस, इंजिन चालू, किल्ली गाडीतच. बायको सांबार आणि लिंबं घ्यायला उतरली. (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) तिला सुटे पैसे द्यायला म्हणून मीही उतरलो, दार लावलं आणि मागून 'खटॅक'. चारही दारं बंद. आत वायपर फिरून राहिले, एसी चालू, रेडिओवर गाणं, आणि आम्ही दोघं सांबाराची जुडी धरून बाहेर भिजतोय. त्रिमूर्तीनगरहून धाकट्या भावाने दुसरी किल्ली आणेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत प्रत्येकाने स्टीलची पट्टी काचेत घालून दार कसं उघडायचं ते मला शिकवलं. ते कुणाचंही ऐकू नका. पट्टीने बीडिंग, म्हणजे काचेच्या खालच्या कडेची रबरी पट्टी फाटते, आणि आता मला माहीत आहे की माझ्या दुखण्याचं अर्धं मूळ त्या बीडिंगमध्येच होतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. गाडी अशी आपोआप लॉक होत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत लहान मुलाला क्षणभरही आत एकटं ठेवू नका, आणि दुसरी किल्ली घरातल्या कपाटात नाही तर खिशात ठेवा. उन्हाळ्यात मूल आत अडकलं तर किल्लीची वाट पाहायची नसते, मुलापासून लांबची काच फोडायची असते.

दोष स्विचचाच आहे का?

यासाठी पेचकसही लागत नाही. बटण म्हणजे नुसता निरोप्या. बहुतेक गाड्यांत त्यातून मोटरचा करंट जातच नाही. बटण दाबलं की एक बारीक वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीला लागते, तो इशारा डॅशबोर्डखालच्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे बीसीएमला मिळतो, आणि बीसीएम रिलेमधून (विजेवर चालणारा स्विच) दारांच्या लॉक मोटरना अर्धा-एक सेकंद करंट देतो. मोटरला दोनच वायरी असतात. करंट एका दिशेने गेला की लॉक, उलट्या दिशेने गेला की अनलॉक. रिमोटचा इशारा वेगळ्या वाटेने त्याच बीसीएमकडे पोचतो.

म्हणून रिमोटने चारही दारं नीट चालत असतील तर फ्यूज, बीसीएम आणि मोटर यांच्या मागे लागू नका. भानगड बटण, त्याचा कपलर (वायरींचा जुडगा जिथे बटणात बसतो तो प्लास्टिकचा जोड) आणि तिथून बीसीएमपर्यंतची वायर या तिघांतच आहे. रिमोटनेही काहीच होत नसेल तर आधी फ्यूज पाहा. एकच दार रुसलं असेल तर त्या दाराची मोटर किंवा बिजागरीजवळच्या काळ्या रबरी नळीतली तुटलेली वायर. नळीतली वायर तपासायची सोपी रीत म्हणजे एकाने बटण दाबत राहायचं आणि दुसऱ्याने दार हळूहळू उघडत-मिटत न्यायचं. ठराविक कोनातच चाललं तर वायर आतून तुटली आहे, वरचं प्लास्टिक भले शाबूत दिसो. तिथे नुसता डाग मारून, म्हणजे सोल्डर करून जोडू नका. डाग दिलेली वायर कडक होते आणि वाकण्याच्या जागी पुन्हा तुटते. नवा लवचिक तुकडा घालून जोड नळीच्या बाहेर घ्या.

दोन फसव्या गोष्टी आहेत, मी दोन्हीत फसलो. किल्ली लावलेली असताना दार उघडं ठेवून बटण दाबलं तर बऱ्याच गाड्या मुद्दाम लॉक होत नाहीत, किल्ली आत राहू नये म्हणून. तो दोष नाही. आणि बटण खात्रीसाठी वीस-पंचवीसदा लागोपाठ दाबलं तर मोटर तापू नयेत म्हणून काही गाड्या थोडा वेळ सगळंच बंद करतात. मग आपल्याला वाटतं आता बीसीएमही गेला. पाच मिनिटं चहा प्या आणि परत या.

बाहेरून बसवलेला सेंटर लॉक किट असेल तर हिशेब निराळा. त्यात बहुधा वेगळं बटण नसतंच. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची मोटर असते, दोन मोटरच्या आणि तीन तिच्या आतल्या स्विचच्या. दांडी हलली की बाकीची दारं हलतात. तिथे आतला स्विच गेला तर अख्खी मोटर बदलायची, स्वस्त असते.

घाट रोडवरच्या वायरमनचं एक वाक्य

तिसरा स्विच घ्यायला घाट रोडला गेलो होतो. दुकानाशेजारी वायरिंगचं काम करणारे एक काका बसतात, त्यांना सहज जुना स्विच दाखवला आणि हा तिसरा म्हणून सांगितलं. त्यांनी स्विचकडे पाहिलंही नाही. विचारलं, "कोणत्या महिन्यात जाते?" मी म्हटलं, जुलै-ऑगस्ट. "मंग स्विच कायले पाहून राहिले साहेब? पाणी कुठून येऊन राहिलं ते पाहा ना."

पैसे वाचवणारा दुकानदाराचा शेजारी पहिल्यांदाच पाहिला.

दार उघडलं तेव्हा

रविवारी सकाळी घरासमोर गाडी लावली. सगळ्यात आधी काच पूर्ण वर घ्या, कारण मास्टर स्विच, म्हणजे ड्रायव्हरच्या दारावरची बटणांची पट्टी काढल्यावर काच आहे तिथेच राहते आणि वरून पाऊस आला तर झालं कल्याण. मग इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. बहुतेक गाड्यांना १०चा पाना लागतो. दारात एअरबॅगचा सेन्सर असेल तर तार सोडल्यावर काही मिनिटं थांबून मगच हात घाला.

माझ्या गाडीत काचांची चार बटणं आणि लॉकचं बटण एकाच पट्टीत आहे, आर्मरेस्टवर. ही पट्टी वरून निघते, पण कुठल्या टोकाने ते पाहावं लागतं. एका टोकाला आकडा असतो, दुसऱ्याला स्प्रिंगची क्लिप. क्लिपच्या टोकाने उचलायची. लोखंडी पेचकस घातलात तर प्लास्टिकवर कायमची खूण राहील. मी जुन्या एटीएम कार्डाला रुमाल गुंडाळून काम भागवलं. खालचा कपलर ओढून काढायचा नाही. त्याची जीभ अंगठ्याने दाबून धरायची, मग तो सुटतो. वायरींना धरून ओढणाऱ्याला पुढे काय भोगावं लागतं ते मी लिहीत नाही.

कपलर हातात आला आणि काकांचं म्हणणं समोर दिसलं. अठरा खाचांपैकी लॉकच्या तीन वायरी कडेला, खालच्या ओळीत. त्यांच्या पितळी पत्र्यांवर हिरवट पांढरी भुकटी जमली होती, तांब्याच्या जुन्या भांड्याच्या कडेला चिंचेचा हात न लागल्यावर जमते ना, तशी. बाकीच्या खाचा बऱ्यापैकी स्वच्छ. वायरींचा जुडगा किंचित ओलसर होता आणि आदल्या दिवशी पाऊस झाला होता.

मल्टिमीटर, म्हणजे विजेची जोडणी मोजायचा मीटर लावला. बटण न दाबता कॉमन (सामायिक) आणि लॉकच्या पिनेमध्ये काहीच जोडणी दिसायला नको. माझ्या स्विचमध्ये काही हजार ओम दिसत होते आणि आकडा सारखा नाचत होता. म्हणजे पाण्याची आणि क्षाराची पातळ साय दोन पिनांवर पूल बांधून बसली होती. तीच बीसीएमला 'लॉक कर' म्हणून खोटा निरोप पाठवत होती. गोकुळपेठेत 'खटॅक' कुणी केलं ते कळलं. आणि भुकटी जास्त झाली की उलटं व्हायचं, बटण दाबूनही खरा निरोप पोचायचा नाही. दोन्ही लक्षणांचा बाप एकच.

तोच स्विच तासभर उन्हात ठेवला, ब्रशने पिना साफ केल्या, पुन्हा मीटर लावला. न दाबता जोडणी अजिबात नाही, दाबल्यावर एक ओमच्या आत. स्विच ठणठणीत होता. मग कपाटातून २०२२चा 'मेलेला' स्विच काढून पाहिला, तोही ठणठणीत. दोन पावसाळ्यांत मी मिळून तीन हजारांवर पैसे घातले ते भिजलेल्या स्विचवर.

मग नवा टाकला की बरं का व्हायचं? नवा स्विच घालताना कपलर निघतो आणि परत घट्ट बसतो, त्या घासण्यात पत्र्यावरची भुकटी थोडी खरवडली जाते. गॅरेजच्या पंख्याखाली तासभर राहून वायरीही सुकतात. शिवाय पावसाळाही पुढे सरकलेला असतो. तो संपला की पुढचे कित्येक महिने नागपुरात पाणी आहेच कुठे? श्रेय नव्या स्विचला जायचं.

(मीटर लावताना एक लक्षात घ्या. काही बटणांत रबराखाली कार्बनची टिकली असते, त्यांचा ओमचा आकडा मुळातच जास्त असतो. आणि काही गाड्यांत एकाच वायरीवर लॉक आणि अनलॉकसाठी दोन वेगळे रेझिस्टन्स असतात. म्हणून तुमच्या गाडीची वायरिंग माहीत नसताना कपलरमध्ये तारेचा तुकडा घालून अर्थ देऊ नका. बीसीएम स्विचपेक्षा कैक पटीने महाग असतो.)

पाणी येतं कुठून

हा भाग गॅरेजमध्ये कुणी करत नाही, म्हणून सावकाश सांगतो.

दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाही. काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी आत उतरतंच, आणि दाराच्या बुडाशी असलेल्या भोकांतून निघून जातं. म्हणजे दाराचा बाहेरचा अर्धा भाग ओला, आतला अर्धा कोरडा, अशी वाटणी कंपनीने केलेली असते. या दोघांमधली भिंत म्हणजे डोअर पॅडच्या (दाराच्या आतल्या आवरणाच्या) मागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा. तो पडदा नीट आहे तोवर सगळं ठीक.

पॅड काढलं. हँडलमागे एक स्क्रू, आर्मरेस्टच्या खळगीत टोपीखाली एक, मग कडेने आठ क्लिपा. क्लिपा थंडीत तुटतात, आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी तर हमखास, म्हणून जास्तीच्या आणून ठेवा. पॅड निघालं आणि पडदा दिसला. दिसला म्हणजे काय, २०२१मध्ये स्पीकर बसवणाऱ्याने ब्लेडने तो मधोमध चिरला होता आणि सेलोटेपने जोडला होता. सेलोटेप नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात बंद गाडीच्या दारात किती दिवस टिकणार? टेपचा पापुद्रा खाली पडला होता आणि चिरलेलं तोंड आ वासून उघडं होतं.

मग बायकोला बाहेर उभं केलं आणि बाटलीने काचेवर हळूहळू पाणी ओतायला सांगितलं. ती म्हणाली, "आता कोरडी झालेली परत भिजवायची?" पण ओतलं. मी आतून टॉर्चचा उजेड मारून बसलो. आधी काही नाही. मग काचेच्या मागच्या कोपऱ्यातून, जिथे बाहेरची रबरी बीडिंग उन्हाने आक्रसून बोटभर मागे सरकली होती, तिथून पाण्याची सलग धार आत आली. ती काचेच्या पट्टीवर आपटली, शिंतोडे चिरलेल्या तोंडातून अलीकडे आले आणि वायरींच्या जुडग्यावर बसले. एक थेंब वायरीला धरून निघाला. टेप गुंडाळलेल्या जागी थांबला, मागून दुसरा आला, दोघं मिळून पुढे सरकले आणि थेट कपलरच्या तोंडात. वायरी पडद्यातून वर बाहेर येतात आणि कपलर त्यांच्या खाली लोंबतो. पाण्याला याहून सोयीची वाट कुठे मिळणार! चार मिनिटांत कपलर ओला.

बुडाची भोकंही तपासली. तीनपैकी दोन बंद. आमच्या घरासमोर कडुनिंब आहे, त्याची पानं आणि धूळ यांचा गारा बसला होता. प्लास्टिकच्या केबल टायने टोकरून काढला. तारेने करू नका, रंग खरवडला की तिथून गंज. भोक मोकळं झाल्याबरोबर पेलाभर काळं पाणी पडलं.

काय केलं

जुना डिंक केरोसीनने नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. केरोसीनचा तेलकटपणा राहतो आणि नवी टेप धरत नाही. सीताबर्डीहून जाड पॉलिथिन आणलं, जुना पडदा वर ठेवून खुणा करून कापलं, आणि ब्युटिल टेपने चिकटवलं. ब्युटिल म्हणजे ती काळी च्युइंगमसारखी चिकट दोरी. उन्हात ती सुटत नाही, उलट जास्त बसते. एकच चूक टाळायची. पडद्याची खालची कड दाराच्या पोकळीच्या आत सोडायची, म्हणजे पडद्यावर आलेलं पाणी परत ओल्या बाजूला पडतं. कड बाहेर ठेवलीत तर तेच पाणी तुमच्या पॅडवर, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने नळ बसवलात.

वायरीला खाली झोळ दिला. कपलरच्या पातळीपेक्षा चार बोटं खाली जाऊन मग वर येईल असा. उद्या पाणी आलंच तर झोळाच्या तळाशी थेंब गळून पडेल, वर चढणार नाही. घरात एसीची वायर भिंतीतून आणताना वायरमन करतात तोच प्रकार.

कपलरवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, मऊ टूथब्रशने घासला, सुकू दिला. गंज सोडवणारा साधा स्प्रे इथे मारू नका, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. एका खाचेतला पत्रा इतका खाल्लेला होता की तो काकांकडून नवा बसवून घेतला, २०० रुपये घेतले त्यांनी. मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात कपलरच्या कडेच्या रबराला. बाहेरच्या बीडिंगा पुढच्या दोन्ही दारांच्या बदलल्या. काळ्या रबराला आपल्या उन्हात सातआठ वर्षांहून जास्त आयुष्य नसतं, असा माझा अंदाज.

पॅड बसवण्याआधी बाटलीची परीक्षा परत. दहा मिनिटं ओतलं. पडद्याच्या अलीकडे टिपूस नाही, खालच्या तीनही भोकांतून धार. मग बॅटरी जोडली. काच आपोआप वर जाणारी असेल तर बॅटरी काढल्यावर ती ते विसरते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरलं की बहुतेक गाड्यांना आठवतं.

आणि खरंच स्विच गेला असेल तर

जातोही. बटण दाबल्यावर 'कट' लागत नसेल, चहा सांडला असेल, किंवा कोरड्या, साफ स्विचवरही मीटर काही दाखवत नसेल तर बदला. नवा घेताना गाडीचं नाव आणि साल सांगून भागत नाही. जुना सोबत न्या, मागच्या स्टिकरवरचा नंबर आणि पिनांची संख्या जुळवा. वरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन पट्ट्यांत एकीला काच आपोआप खाली जायची सोय असते आणि दुसरीला नसते, आतली मांडणी वेगळी. बसवण्याआधी नुसता कपलर लावून, पट्टी हातात धरूनच सगळी बटणं चालवून पाहा. आणि पट्टी उघडीच आहे तर कपलरच्या तोंडाकडे एकदा बघा. हिरवं दिसलं तर नवा स्विच लगेच बसवू नका.

वॉशिंग सेंटरला फोम वॉश करणाऱ्या पोराला मी आता सांगतो की प्रेशरची नळी काचेच्या खालच्या कडेला रोखून मारू नको. तो हो म्हणतो आणि तिथेच मारतो.

माझ्या गाडीत सध्या २०२२चा 'मेलेला' स्विचच बसवलेला आहे. २०२४चा उरलेला पावसाळा आणि २०२५चा अख्खा त्याने काढला. दुसरा स्विच कपाटात आहे, तिसरा घेतलाच नाही. फक्त मागचं डावं दार राहिलं आहे. त्याचा पडदाही त्याच स्पीकरवाल्याने चिरलेला असणार, आणि परवाच्या पावसात तिथल्या पायदानावर ओल दिसली.